रांगोळीचे सात ठिपके

हे २०२१ सालच्या आश्विनात घडलं. घटस्थापनेपासून कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, चौदा दिवसांत. मी तेव्हा सत्तर वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे तारीख, वार आणि वेळ लिहून ठेवायची सवय अजून सुटलेली नाही.

आमचं घर उरण तालुक्यात, खोपट्याच्या खाडीच्या अंगाला. माझ्या लहानपणी इथं सगळी मिठागरं होती. उन्हाळ्यात मिठाच्या राशींकडे बघवत नसे, डोळे दिपायचे. संध्याकाळी बाया टोपल्या उपड्या करून त्यांवर बसायच्या आणि गाणी म्हणायच्या. पुढे भराव पडला, कंटेनरची यार्डं आली. माझ्या मुलानं, धनेशनं, तीन ट्रेलर घेतले आणि भरावाच्या जागेवर हे घर बांधलं. पुढची खोली त्याचं ऑफिस, तिथं दिवसभर ड्रायव्हरांची वर्दळ. मध्ये मोठा हॉल. मागे स्वयंपाकघर आणि नातीची, प्राप्तीची, खोली.

प्राप्तीला त्या वर्षी पहिली नोकरी लागली. मुंबईची कंपनी, पण काम घरून. लॅपटॉपवर ग्राहकांशी समोरासमोर बोलायचं. तीन महिने बघणार, मग कायम करणार. नेमकं तिथंच वाय-फाय गचके खायला लागलं. आवाज तुटायचा, चित्र गोठायचं. तिच्या मॅडमनी दोनदा समज दिली होती. वीस तारखेला, बुधवारी, साडेअकरा ते साडेबारा शेवटची परीक्षा होती. ग्राहकाशी ती बोलणार आणि मॅडम ऐकणार. त्या तासात नेट गेलं तर नोकरी गेली.

इंटरनेटचं काम सुजित बघायचा. पस्तिशीतला माणूस, चौथीला माझ्या वर्गात होता.

"सुजितदादा, तुमचं नेट आहे की देवाचा कौल?" प्राप्ती म्हणाली. "दिला तर दिला."

"आमचं नेट चालतंय गो. तुजा लॅपटॉपच लाजतोय."

त्यानं राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. फ्रीजजवळून काढून पुढच्या खोलीत उंच फळीवर ठेवला. चॅनल बदलला. लॅपटॉपमधलं जुनं कनेक्शन पुसून पासवर्ड नव्यानं घातला. राऊटरशेजारी उभं राहून वेग मोजला, तो पूर्ण होता. "बाई, लायनीत काय नाय," तो मला म्हणाला. "घरातच कायतरी आडवं येतंय."

मी प्राप्तीला सांगितलं, कधी जातं ते कागदावर लिही. तिनं कागद फ्रीजवर लावला. शनिवारी चहा टाकताना मी तो वाचला. गुरुवार पाऊण. शुक्रवार दीड. शनिवार सव्वादोन.

शेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. गुरुवारी प्रतिपदा, शुक्रवारी द्वितीया, शनिवारी तृतीया.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. मिठागरातलं लहान पोरही हे बोटांवर सांगायचं. मी तो कागद दुसऱ्यांदा वाचला नाही. चहा उतू गेला.

कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? अष्टमीला भांगाची भरती होती, पाणी मुळी चढलंच नाही आणि नेट जेमतेम दोन मिनिटं अडखळलं. प्राप्ती खूश. दसऱ्यानंतर पाणी वाढू लागलं, तसं ते पुन्हा लांबत गेलं. दहा मिनिटं, पाऊण तास.

सोमवारी, अठरा तारखेला, सुजित सकाळी साडेनऊलाच आला. त्या दिवशी त्रयोदशी, म्हणजे भरती पावणेदहाला. त्याच्या मोबाईलवर सिग्नल आकड्यांत दिसत होता. तो हॉलभर पाऊल पाऊल फिरला. जिथं आकडा कोसळेल तिथं खूण करायला त्यानं माझ्या सुनेकडून, विनिताकडून, दसऱ्याची उरलेली रांगोळी मागून घेतली.

फरशीवर सात ठिपके पडले. एका सरळ रेघेत, पण ती रेघ कुठल्याच भिंतीला धरून नव्हती. पुढच्या कोपऱ्यातून मागच्या खिडकीकडे तिरकी जात होती. तीन ठिपके, मग हातभर मोकळी जागा, मग चार. त्या मोकळ्या जागेत आकडा भरलेला होता.

"खाली पाइप हाय का?" सुजितनं विचारलं.

"पाइप कुठला?" विनिता म्हणाली. "स्वयंपाकघर मागं आहे."

"मग हे आसं..." तो हसला. "बाई, हे मानसं उभी ऱ्हायली की व्हतं. मानूस म्हंजे पानीच की. लग्नाच्या हॉलात गर्दी झाली की नेट मरतं, तसं."

मग तो रांगोळीचे हात झटकत उठला. राऊटर आत न्यायला लांब तार हवी होती. ती गुरुवारी येणार होती.

मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. शेजाऱ्यांच्या अंगणात जुन्या उघाडीचा दगड अजून आहे. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायची ती वाट. तिथून आमचा बांध निघायचा. मी नजरेनं पावलं मोजली. जिथं तो एकदा फुटला होता तिथपर्यंत चाळीस. चाळिसावं पाऊल आमच्या हॉलमध्ये पडत होतं. घर बांधताना मी धनेशला हे विचारलं नव्हतं, आणि मला ते ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की आधी माणसं खांडीत उतरायची. पाठ खाडीकडे करून एका रांगेत उभी राहायची आणि पाण्याचा जोर पाठीवर घ्यायची. तोवर बाकीचे समोरून चिखलाच्या ढेपा रचायचे. रांगेत हातात हात धरत नसत, कारण ओला तळवा निसटतो. एकमेकांचं मनगट धरायचं, अंगठा आत दाबून.

१९६१ च्या आश्विनी पौर्णिमेला भर दुपारी आमचा बांध फुटला. बरेच पुरुष मचव्यांवर मीठ भरायला गेले होते. रांगेला माणसं कमी पडली म्हणून दहा वर्षांची मी उतरले. रांगेत आम्ही आठ जण होतो. माझ्या उजव्या हाताला केसर आत्या, बापाची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. डाव्या हाताला तुळशीराम काका. पाणी माझ्या हनुवटीला लागलं तेव्हा मी अंगठे सैल केले. काकाचा हात सुटला. आत्यानं मात्र माझं मनगट सोडलं नाही. मी तिच्या हाताला चावले.

बांधावर चढून मागं बघितलं तेव्हा रांग नव्हती. सातांपैकी एकही सापडला नाही. पाण्यानं पोर तेवढी परत दिली, असं गाव म्हणालं. मी साठ वर्षं ते म्हणू दिलं.

मंगळवारी प्राप्तीनं आपलं टेबल मोकळ्या जागेत मांडलं. तिथंच सिग्नल भरलेला होता, म्हणजे तेच शहाणपणाचं होतं. खिडकीकडे, म्हणजे खाडीकडे, पाठ करून बसली. भरतीची सगळी वेळ नेट एकदाही तुटलं नाही.

जेवताना विनितानं तिचे हात बघितले. "अगं, हे काय? मिठात हात घातलेस का?"

दोन्ही मनगटांवर पांढरी कडी होती, वाळून तडकलेली. मी बोटानं पुसून चाखलं. खाण्याचं मीठ असं लागत नाही. खाडीच्या कच्च्या मिठाला कडसर चव असते.

"उद्या तिथं बसू नकोस," मी म्हटलं.

"आजी, यार! अख्ख्या घरात तेवढीच जागा चालते."

"पप्पांच्या ऑफिसात बस."

"ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकवू मॅडमना?"

"मग सुजितच्या घरी जा."

"घरच्या वाय-फायशिवाय लॉगिन चालत नाही गं." तिनं माझ्या गालाला हात लावला. हात थंड होता. "एक तास. मग तू म्हणशील तिथं बसते."

तेव्हा मी सगळं सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे चावल्याचंही सांगावं लागलं असतं. मी ताटं उचलली.

बुधवारी पौर्णिमा. हिशोबानं भरती सव्वाअकराची, पण या पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाचं पाणी खाडीत आतवर पोचायला आणखी पाऊण तास घेतं. बरोबर बारा.

साडेअकराला प्राप्तीनं बोलायला सुरुवात केली. मी सोफ्यावर बसून तिच्याकडे बघत होते. ती छान बोलत होती. ग्राहक हसला. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या रेघा पूर्ण होत्या.

पावणेबाराला तिनं दोनदा हात झटकले.

बाराला पाच कमी असताना तिचे हात कळफलकावरून उचलले गेले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. सावकाश. खांद्यांच्या उंचीला येऊन ते थांबले. मनगटावरची कातडी दाबली गेली होती, आत खड्डे पडले होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

"प्राप्ती?" लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला. "आर यू देअर? तुझं चित्र फ्रीझ झालंय."

रेघा पूर्ण होत्या. चित्र गोठलं नव्हतं. गोठली होती ती प्राप्ती. डोळे उघडे, तोंड अर्धवट उघडं, आणि छाती हलत नव्हती.

"विनिता!" मी ओरडले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता.

मी खुर्चीची पाठ धरून ओढली. खुर्ची हलली, पण प्राप्ती हलेना. तिचं अंग समुद्रातून काढल्यासारखं जड होतं.

मग मी तिच्यापुढे, टेबलाच्या आणि तिच्या मध्ये शिरले. खाडीकडे पाठ केली. हात पसरले.

"तिला सोडा," मी म्हणाले. "जागा माझी आहे."

प्राप्ती मागच्या मागे फरशीवर पडली आणि मोठ्यानं श्वास घेऊ लागली.

माझ्या डाव्या मनगटाला कुणीतरी धरलं. मग उजव्या. अंगठा आत दाबून.

पाठीवर थंड जोर आला. मी पाय रोवले.

उजव्या बाजूचा हात दिसत नव्हता. पण माझी बोटंही त्या मनगटाभोवती आपोआप मिटली होती. बोटांखाली एक खूण लागली. अर्धगोल, बारीक. लहान मुलाच्या दातांची.

लॅपटॉपच्या रेघा एकेक करून विझल्या.

मॅडमना वाटलं, नेट गेलं आणि आजी मदतीला धावली. चित्र गोठलेलं त्यांनी स्वतः बघितलं होतं. पहिला अर्धा तास आवडला होता म्हणून त्यांनी प्राप्तीला शुक्रवारी पुन्हा बसवलं आणि ती कायम झाली.

सुजितनं गुरुवारी राऊटर आत आणला. भरतीच्या वेळी मोबाईल घेऊन हॉलमध्ये एक चक्कर मारली. मी खुर्ची टाकून बसले होते. "बाई, आता मधली जागा पन बंद झाली," तो म्हणाला. नंतर त्यानं माझ्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. तेव्हापासून तो बिल मागायला मागच्या दारानं येतो. धनेशचे आता पाच ट्रेलर आहेत. दर अमावास्या-पौर्णिमेला हॉलच्या फरशीवर पांढरी तिरकी रेघ उमटते. तो ठेकेदाराच्या वाळूला दोष देतो आणि विनिता ओलं फडकं फिरवते. म्हातारपणी मला ठरावीक वेळी हॉलमध्ये बसायची खोड लागलीय असं दोघांना वाटतं. रात्रीच्या भरतीला मी पलंगही तिथंच घालून घेतला आहे.

प्राप्ती लग्न होऊन पुण्याला गेली. तिला त्या दुपारचं काही आठवत नाही, चक्कर आली एवढंच ती सांगते. सणाला येते. निघताना मात्र ती माझा हात हातात घेत नाही. मनगट धरते, अंगठा आत दाबून. तिला ते कुणी शिकवलेलं नाही.

मी नसेन तेव्हा तिला या हॉलमध्ये बसू देऊ नये, म्हणून हे लिहून ठेवते आहे. आज पंचमी, भरती पावणेचारला. सव्वातीन होत आले. दोन्ही हात गुंतायच्या आत सही करते.

ठमाबाई