आळूवडी तशीच होती

ज्यांना ही बनवाबनवी वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. राजन माझा सख्खा मावसभाऊ आहे. बँकेत नोकरी करणारा सरळ माणूस. त्याला साधा विनोद धड सांगता येत नाही, तो थापा काय मारणार?

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. बहरीन. टळटळीत दुपार.

राजनची आई, म्हणजे माझी मावशी, गेली तेव्हा त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. त्याला येता आलं नाही. इकडे दहाव्याला कावळा शिवला नाही तो नाहीच. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. ते त्याच्या मनाला फार लागून राहिलं.

तिथल्या हूरा भागातल्या त्याच्या राहत्या फ्लॅटच्या खिडक्या उघडत नाहीत. कावळ्यासाठी पान ठेवणार कुठे?

म्हणून त्याने बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या जुन्या गल्लीत, पर्यटक उतरतात तसला एक फ्लॅट भाड्याने घेतला. सोफा, पडदे, भांडीकुंडी, सगळं तयार. वर स्वतंत्र गच्ची.

किल्ली द्यायला अजरा नावाची बाई आली होती. तिने उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला. आत काही आली नाही.

राजनच्या बायकोने, उल्काने, साग्रसंगीत स्वयंपाक केला. मावशीचा जीव आळूवडीवर. तीच पानात सगळ्यात आधी वाढली.

गच्चीवर पान ठेवलं. पाण्याच्या टाकीवर कावळा येऊन बसला...

पण हलेना.

राजनने हात जोडले. "आई, गावचं घर विकणार नाही."

कावळा ढिम्म.

"आई, धाकटीचं लग्न मी करून देईन."

ढिम्म.

मग मात्र त्याचा बांध फुटला. "तुला एकटं टाकलं गं मी! आता माझ्याकडेच राहायला ये. मरेपर्यंत सांभाळीन, शब्द देतो. पण जेव गं!"

"आपण आत जाऊ या," उल्का म्हणाली. "माणसं असली की तो येत नाही."

राजन, उल्का आणि लहानगी आर्या, तिघं दाराआड उभी राहिली.

आणि आवाज आला...

खिरीचा भुरका मारल्याचा.

मग पानावरून बोटं फिरल्याचा...

मग ढेकर.

राजनने दार उघडलं. पान चाटूनपुसून लख्ख!

"जेवली! आई जेवली!" तो रडत खालीच बसला.

उल्का जागची हलली नाही. कावळा टाकीवर तसाच बसून होता. आणि पानाच्या कोपऱ्यात आळूवड्या तशाच होत्या. एकीलाही हात लागला नव्हता.

मावशी आणि आळूवडी टाकणार? शक्यच नाही.

"राजन," उल्का कसंबसं म्हणाली, "शब्द कुणाला दिलास तू?"

त्यांनी तडक सामान भरलं. किल्ली परत देताना उल्काने विचारलं, "यहाँ पहले कौन रहता था?"

"मफी. कोई नहीं," अजरा म्हणाली. आणि जिन्यात कुणाला तरी वाट द्यावी तशी भिंतीला चिकटून उभी राहिली.

गाडीत आर्या मागच्या सीटवर आपणहून कडेला सरकली.

"मम्मा, शी नीड्स स्पेस."

राजनने गुरुजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पान ठेवून दिलेला शब्द मोडता येत नाही हो," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून हूऱ्यातल्या घरात चौथं ताट वाढलं जातं. ते रिकामंही होतं. एक दिवस वाढलं नाही, तर आर्या तापाने फणफणली. ताट वाढल्यावरच ताप उतरला. आळूवडी उल्का आता करतच नाही.

काल राजनचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "दिवाळीत तुझ्याकडे उतरू का रे? आम्ही चौघं आहोत."

"अरे, विचारतोस काय? या की! आपलंच घर आहे," मी म्हणालो. सवयच ती. पाहुण्याला आपण दुसरं काय म्हणतो?

फोन ठेवला... आणि मी काय बोलून बसलो ते लक्षात आलं.

आता नाही कसं म्हणू?