अळणी पेज

शनिवारी दुपारी दोनला तळाशीलच्या धक्क्यावरून आमची होडी सुटते आणि रविवारी सकाळी दहाच्या आत परत लागते. मधल्या वेळात काय काय मिळतं त्याची यादी मी स्वतः केली आहे. खाडीतून फेरी, कोंडीच्या पुळणीवर तंबू, रात्री बांगड्याचं तिखलं, सकाळी डॉल्फिन दिसले तर दिसले. दिसतीलच असं मी लिहीत नाही. खोटं बोलून गिऱ्हाईक आणायचं असतं तर पुण्यातली नोकरी काय वाईट होती?

धंदा दोघांचा, माझा आणि जितूदादाचा. जितेंद्र माझा मावसभाऊ. होडी त्याची, तंबू, जॅकेटं आणि डोकं माझं, असं मी चारचौघांत सांगते आणि तो हसतो. लहानपणी मला पोहायला त्यानेच शिकवलं, पोटाखाली हात धरून. तो हात त्याने कधी काढून घेतला ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

जॅकेटं आठ. पाठीवर नंबर मीच रंगवलेत. आठ नंबरचं माझं, त्याचा तुटलेला पट्टा मी निळ्या दोऱ्याने शिवलाय. सहा पाहुणे आणि आम्ही दोघं. नववा माणूस मी घेत नाही, कुणी कितीही गळ्यात पडलं तरी.

कोंडीची पुळण म्हणजे दोन डोंगरांच्या मधला वाळूचा पट्टा. होडीने पाऊण तास. जमिनीवरून यायचं तर वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर चढून काट्याकुट्यातून दोन तास चालावं लागतं, म्हणून कुणी येत नाही. डाव्या हाताला खडकांमागे गोड्या पाण्याचा व्हाळ आहे. वाळू एवढी स्वच्छ की पाऊल उमटलं की दिवसभर राहतं.

तिथे होडी वाळूला टेकली की कुणी लगेच उतरायचं नाही. आधी जितूदादा नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहतो, नारळ हातात धरतो आणि पुळणीच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतो. किती माणसं आणली ते सांगायचं, तेवढीच परत न्यायला दे म्हणायचं. प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण पाहुण्यांना ते फार आवडतं, मोबाईल काढून उभे राहतात, म्हणून मीही सगळ्यांत मोठ्याने ओरडते. शब्दांकडे लक्ष कोण देतंय? आमच्याकडे लहानपणापासून गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायची जिभेला सवय असते, कान लागत नाहीत.

आता बाबूचं सांगायला हवं. बाबू जितूदादाचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तो याच पुळणीवर पाण्यात उतरला आणि गेला. तीन दिवस होड्या शोधत होत्या. चौथ्या सकाळी जितूदादा एकटा इथे आला, तर बाबू वाळूवर बसलेला, कपडे कोरडे. अंगावर ओरखडा नाही. सगळ्यांनी देव पाण्यातून काढले आणि कुणी काही विचारलं नाही. मी विचारलं. बाबू माझ्याकडे बघून नुसता हसला.

तेव्हापासून तो घरात असतो. समुद्राकडे फिरकत नाही. मासळी खात नाही, मीठ तर अजिबात चालत नाही. पेजेत चिमूटभर पडलं तरी ताट सरकवतो. कणकवलीच्या डॉक्टरांनी धक्का बसलाय म्हणून सांगितलं आणि मला ते पटलं. मावशी मात्र खूश. "आधी रात्रंदिवस दर्यार असायचो. आता झील नजरेसमोर आसा, माका आणि काय होया?"

हे ती आमच्या ओसरीवर बोलत होती. माझी आई, काशीबाई, तांदूळ निवडत होती. दर शनिवारी मी निघाले की तिचं तोंड उतरतं. नोकरी सोडून मी गावी आले ती तिच्यासाठी, आणि आल्यावर पाण्यावरच फिरते, हे तिचं गाऱ्हाणं. त्या दिवशी सूप खाली ठेवून, माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "माझ्या चेडवाक पण असाच घरात बसवा गे बाय कोणीतरी." आम्ही तिघी हसलो.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी पुण्याचे सहा जण होते. त्यातली तन्वी नावाची मुलगी सारखी व्हिडिओ काढत होती. होडी टेकली, जितूदादा नारळ घेऊन उभा राहिला. मी खाली वाकून नांगराच्या दोरीची गाठ सोडवत होते, ती भिजून घट्ट झाली होती. वाकल्या वाकल्या मी पाच-सहा वेळा ओरडले, व्हय म्हाराजा.

तंबू लावले, चहा झाला. उन्हं उतरल्यावर ओहोटीच्या वाळूवरून चालताना मला पावलं दिसली. पाण्यातून वर आलेली, एकाच माणसाची. परत जाणारी नव्हती. डाव्या पावलाची करंगळी उमटलेली नव्हती. माझ्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कालवाच्या शिंपेची धार लागून गेली आहे. म्हटलं, मघाशी मीच आले असेन. पण मी पाण्यात उतरलेच नव्हते, आणि पाणी त्या जागेवरून हटून दहा मिनिटंही झाली नव्हती.

तंबूपाशी आले तर तन्वी म्हणाली, "ताई, केस एवढ्यात वाळले तुमचे?"

"भिजले कधी होते?"

"आत्ताच तर तुम्ही पाण्यात उभ्या होतात ना, तिकडे. मी हाक मारली, तुम्ही बघितलंत पण."

मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. ती म्हणाली, असेल. दुसरं कुणी नव्हतं हे दोघींना माहीत होतं.

विषय बदलायला तिने मला दुपारचे व्हिडिओ दाखवले. एकात गाऱ्हाणं होतं. मी पहिल्यांदाच ते कान देऊन ऐकलं. जितूदादाचा आवाज वाऱ्यातही स्वच्छ आला होता.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या पुळणीर आठ जणा इली असत."

व्हय म्हाराजा.

"गेल्या वर्सा माझा माणूस तू माका परत दिलंस. तेव्हा तुका जा बोललंय, ता आज पुरा करतंय."

व्हय म्हाराजा.

"माझ्या घरातला एक तुका देतंय. ता गोड मानून घी. आणि आठ इली तशी आठच परत जातली, मोजणी पुरी ठेव रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मी तशीच उठले. जितूदादा चुलीपाशी बांगडे साफ करत होता.

"दादा, कोणाक दिलंस?"

त्याने मान वर केली नाही. "काय?"

"गाऱ्हाण्यात बोललंस ता. तुझ्या घरातला कोण आसा हंय माझ्याशिवाय?"

"कोंबो, गो. पुढच्या अमावास्येक कोंबो देतलंय. खुळावलंस काय तू? तुझो खंय इस्वास आसा असल्या गोष्टींवर?"

हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षं ज्या गोष्टीची टर उडवली, तिलाच घाबरून भावाच्या अंगावर धावून गेले. मी त्याच्या शेजारी बसून कांदा चिरायला घेतला. जेवताना त्याने मला वाढलं. भांड्यातला सगळ्यांत मोठा बांगडा त्याने माझ्या ताटात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "खा पोटभर."

सकाळी आठला जितूदादाने दोन रिकामे कॅन माझ्या हातात दिले. "व्हाळार जावन पाणी हाड. तवसर आमी तंबू काढतव." नेहमी पाणी तो आणतो. मी जॅकेट दगडावर ठेवलं आणि गेले.

दुसरा कॅन भरत आला होता तेव्हा इंजिनाचा आवाज आला.

मी कॅन टाकून पळाले. खडकावरून उतरेपर्यंत होडी लाटांच्या पलीकडे गेली होती. मी ओरडले, हात हलवले. मग सवयीने मोजलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं.

होडीत आठ जण होते.

पुढे, माझ्या जागेवर, माझी वेणी घातलेली कुणीतरी पाठमोरी बसली होती. पाठीवर आठ आकडा. तन्वी तिच्याशी काहीतरी बोलत होती, हसत होती.

जितूदादाने एकदाच मागे वळून पाहिलं. मी त्याला दिसले. इतक्या लांबूनही मला ते कळलं, कारण त्याने खांद्यांत मान घातली, शाळेत चोरी पकडली गेली तेव्हा घातली होती तशी. मग तो पुढे वळला.

दगडावर जॅकेट नव्हतं. तिथून पाण्यापर्यंत पावलं गेली होती, डाव्या करंगळीशिवाय.

मी रडले नाही, शिव्या घातल्या, जेवढ्या येतात तेवढ्या. मोबाईल तंबूतल्या पिशवीत होता, म्हणजे होडीत गेला. सडा चढले. कातळावर चालून पायाची सालं निघाली. सगळ्या वाटेने मला एकच गोष्ट हवी होती: घर. आईला एकदा दिसले की झालं, बाकीचं मी बघून घेईन. जगात कुणीही कुणाला माझ्या जागी बसवू दे, आई फसणार नाही. डांबरी रस्त्यावर गावातली ओळखीची रिक्षा दिसली. मी हात केला. रिक्षावाल्याने मला नीट पाहिलं आणि वेग वाढवला.

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. दोरीवर आठ नंबरचं जॅकेट टांगलेलं होतं, पाणी गळत होतं. दार आतून बंद.

"आये, दार उघड."

स्वयंपाकघराची खिडकी किलकिली झाली. आईच्या एका हातात पेजेचं भांडं, दुसऱ्यात मिठाची बरणी.

"जितून सांगल्यान हा," ती हळू आवाजात म्हणाली. "मागसून एक येतला. चेडवासारख्याच दिसतला. दार उघडू नको."

"आये, मी गो. संचिता. बघ माझ्याकडे."

तिने बघितलं. माझे फुटलेले पाय, घाम, काट्याने फाटलेली बाही, सगळं बघितलं. तिचे ओठ हलायला लागले. ती कडीकडे हात नेणार होती, मी शपथेवर सांगते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझा आवाज आला.

"आये, माझ्या पेजेत मीठ घालू नको हां."

आईचा हात थांबला.

तिला कळलं. बाबूचं ताट तिने वर्षभर पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांत बघत असतानाच तिला कळलं, आणि कळलं हे मलाही दिसलं. मी वाट पाहिली.

"आये," आतून पुन्हा आवाज आला. "कोण आसा गो भायर? आणि आयक, आता मी होडयेर जावचंय नाय. हंयच रवतलंय तुझ्याकडे."

आईने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

"कोण नाय, बाय," ती म्हणाली. "तू नीज. येतंय मी."

मग तिने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, मिठाची बरणी हळूच माझ्या बाजूला कठड्यावर ठेवली, आणि खिडकी लावून घेतली.