मास्तरांचा नॅपकिन

चार तास? एका बैठकीत? शाब्बास रे नील! आणि मनगटाला ते काय गुंडाळलंयस, शौर्यपदक? बस खाली. सुदेश, तो गच्चीवरचा दिवा घालव आधी, डोळ्यांत येतो. आणि मोबाइल उलटे ठेवा. तुम्हा पोरांना वाटतं, तास मोजले की रियाज झाला. तुमच्यासारखाच एक जण होता. त्याचं काय झालं ते ऐका, मग खुशाल आठ तास बडवा.

नयन म्हणजे आपला बाळकुमचा. त्याच्या आजोबांची तिथे शेती होती, आता त्या शेतात टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये हा आईबरोबर राहतो. त्याचा तबला असला की पेटीवर साथीला मी असतो. त्यामुळे बाळकाका थापा मारतोय, असं म्हणायचं नाही. त्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता आणि बर्फासारखा गार होता.

तारीखही सांगतो. दोन ऑक्टोबर, २०२४, बुधवार. गांधी जयंतीची सुट्टी आणि सर्वपित्री अमावास्या, दोन्ही एकाच दिवशी आलेली. दुपारी नयनला हेमांगीकाकूंचा पुण्याहून फोन आला. काकू म्हणजे त्याच्या गुरूंच्या, त्र्यंबक मास्तरांच्या पत्नी. मास्तरांना जाऊन वर्ष होऊन गेलेलं.

"नयन, कोपरची आपली बिल्डिंग पाडायला घेतायत रे. उद्या सकाळी बिल्डरची माणसं येणार. सगळं हलवलं, यांचा तबला तेवढा राहिलाय. अद्वयला नकोय. तू घेऊन जा. किल्ली समोरच्या सगुणाबाईंकडे आहे."

आता अद्वय कोण? मास्तरांचा मुलगा. आणि त्याला तो तबला का नको होता, हे नयनला चांगलं ठाऊक होतं. अद्वयला हवं ते सगळं आधीच मिळालं होतं.

घरात पितरांचं पान वाढून, पाहुण्यांची जेवणं उरकून नयन निघाला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. त्याची आई तुळसा दारात आडवी उभी राहिली.

"आज अमुशा हाय र, बाला. उद्याला जा ना."

"उद्या बिल्डिंगच नसेल, आई. गेलो न् आलो."

कशेळीला ट्रॅफिक होताच. पुढे माणकोलीचा नवा पूल लागला. खाली खाडी, वर वारा, गाडी जरा मोकळी झाली आणि नयनच्या डोक्यात जुन्या गोष्टी सुरू झाल्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मास्तरांनी त्याला गंडा बांधला होता. रीतसर, नारळ ठेवून, चार माणसांसमोर. मनगटावर दोरा बांधला आणि एक शपथ घातली. आजपासून दुसऱ्या कोणाचा हात बघायचा नाही. मैफलीत नाही, टीव्हीवर नाही, यूट्यूबवर तर नाहीच. "एक गुरू, एक हात," मास्तर म्हणायचे. नयनने ती शपथ पाळली. तुम्ही हसाल, पण त्याने खरंच पाळली. मैफलीत तो डोळे मिटून बसायचा. लोकांना वाटायचं, पोरगा तल्लीन झालाय.

सगळं छान चाललेलं. अडायचं एकाच ठिकाणी. धिरधिर. तबल्याचा एक बोल, पण तो उजव्या हाताच्या तळव्याने वाजतो, बोटांनी नाही. हळू असेपर्यंत ठीक. लय वाढली की नयनचा तळवा जड व्हायचा, अडखळायचा, आणि पुढचं सगळं गडगडत खाली यायचं.

मास्तर दाखवायचे, नाही असं नाही. पण धिरधिर आलं की खांद्यावरचा नॅपकिन उचलायचे आणि तबल्यावर पसरायचे. निळ्या काठाचा, पांढरा, साधा पंचा असतो तसा. हातही त्याखाली. "खालच्या आपट्यांना त्रास होतो रे. फ्लॅट सिस्टिममध्ये राहतो ना आपण!" सोसायटीत राहणारे आपण सगळेच तबल्यावर कापड टाकतो, त्यात नयनला काय वावगं वाटणार? खालून दबलेला आवाज यायचा, भरधाव. दिसायचं काहीच नाही.

"मास्तर, माझं अडतंय."

"तास वाढव. हात गरम होऊ दे. सलग बस, थांबू नकोस. अडलं तरी पुढे जा."

नयनने तास वाढवले. मनगट सुजलं, आईने हळद लावली, पुन्हा बसला. अडखळण जायच्या ऐवजी पक्की झाली. मग एकदा ठाण्यात गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम झाला. अद्वय आणि नयन शेजारी शेजारी वाजवत होते. अद्वयचं धिरधिर लोण्यासारखं गेलं. नयनचं कोसळलं. लोक हसले, आणि मास्तर माइक हातात घेऊन म्हणाले, "काय करणार? काही हातांत ते नसतंच."

त्या वाक्याने पोरगं आतून फाटलं. पण राग कोणाचा आला? स्वतःच्या हाताचा. मास्तरांचा नाही.

मास्तर गेले, त्यानंतर नयन ठाण्याच्या नीरजाताईंकडे जायला लागला. त्या बाईने पहिल्याच दिवशी त्याचे चार तास मोडीत काढले. "वीस मिनिटं. फक्त तो अडतो तेवढाच तुकडा. इतका हळू की चुकायला जागाच राहू नये. चुकलास की थांब. पुढे जायचं नाही. हाताला चूक आणि बरोबर कळत नाही, नयन. जे जास्त वेळा वाजवशील ते तो लक्षात ठेवतो." मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, उठायचं, चहा प्यायचा. उद्या परत. त्यांच्याकडे काही महिन्यांत हात सुटायला लागला. पण शपथेपायी तो ताईंचाही हात बघत नसे, त्यामुळे तळवा नेमका पडतो कसा, ते कोडं तिथेच होतं.

"मास्तर कसा ठेवायचे?" ताईंनी विचारलं.

"दिसलं नाही कधी. नॅपकिन असायचा."

 

नवरात्रात पाचव्या माळेला ठाण्यात नयनचं एकल वादन ठरलं होतं. तेच श्रोते, तेच लोक जे हसले होते. आणि धिरधिर वाजवल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणून पुलावरून जाताना त्याच्या मनात वेडी आशा होती, की मास्तरांचा तबला घरी आला, त्यावर हात ठेवला, तर कदाचित कळेल. माणूस गेला तरी हाताचं काहीतरी त्या पुडीवर, तबल्याच्या कातड्यावर, राहत असेल.

दहाच्या सुमारास तो कोपरला पोचला. बिल्डिंग काळोखात. माणसं निघून गेलेली, एका घरात तेवढा दिवा. सगुणाबाईंनी किल्ली दिली आणि बॅटरीही दिली.

"बाकी घरांचे मीटर काढून नेलेत. सांभाळून. आम्हीही उद्या निघतो."

"खालचे आपटे गेले का?" नयनने सहज विचारलं.

"कोण आपटे?"

"खालचे. मास्तरांच्या तबल्याचा त्यांना त्रास व्हायचा ना."

सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "अरे, आपटे मुलाकडे अमेरिकेत गेले त्याला किती वर्षं झाली! तू यायला लागलास त्याच्या आधीच. खालचं घर तेव्हापासून बंदच आहे. कोणाला त्रास होणार?"

नयन जिन्यात उभा राहिला. किल्ली हातात. मग त्याला आठवलं, एकदा तो क्लासला लवकर आला होता. दार अर्धवट उघडं होतं. आत अद्वय शिकत होता. धिरधिरच. खणखणीत, उघडं. नॅपकिन मास्तरांच्या खांद्यावर होता. नयनची चाहूल लागली आणि मास्तरांनी तो झटकन तबल्यावर टाकला… तेव्हाही नयनला वाटलं होतं, आपटे घरी आले असतील.

इतका बावळट मी? इतकी वर्षं? त्याचे डोळे भरून आले. शपथ घालून दुसऱ्यांचे हात बघणं बंद केलं आणि स्वतःचा हात झाकून ठेवला. माझ्या हातात नसतं म्हणे!

तरी त्याने दार उघडलं. काकूंना शब्द दिला होता.

आत कुबट वास. रिकामी खोली. बॅटरीच्या उजेडात भिंतीवरच्या फोटोंचे चौकोन. कोपऱ्यात तबला-डग्गा. आणि तबल्यावर… निळ्या काठाचा नॅपकिन.

काकूंनी ठेवला असेल, तो मनाशी म्हणाला. पुढे झाला. बॅटरी मिणमिणली. विझली.

मग आवाज आला.

दबलेला. कापडाखालचा.

धिर…

धिर…

हळू. अगदी हळू. शिकवताना वाजवावं तसा.

नयन जागच्या जागी.  रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड खिडकीतून येत होता. त्या उजेडात नॅपकिन हलत होता. वर काही नव्हतं. कोणी नव्हतं. कापड तेवढं… उचलायचं, बसायचं. उचलायचं, बसायचं.

"मास्तर?"

आवाज थांबला.

"मास्तर… आपटे नव्हतेच ना खाली?"

काही नाही.

"मी तुमचा कोण होतो?"

काही नाही. लांबून मालगाडीची शिट्टी आली. 

भीती होतीच. पण त्या भीतीतही त्याला वाटलं, आले आहेत तर दाखवायलाच आले असतील. पितरांची रात्र आहे. माणसाला मेल्यावर तरी पश्चात्ताप होत असेल. तो गुडघ्यांवर बसला, शिष्य बसतो तसा, समोर.

"आता तरी दाखवा," तो म्हणाला. "काढा तो नॅपकिन."

धिरधिर धिरधिर धिरधिर…

एकदम. भरधाव. कापडाखाली. जसं नेहमी वाजायचं, तसंच.

नयनने हात पुढे केला. नॅपकिनचं टोक धरलं. ओढलं.

आलं नाही.

पुन्हा ओढलं. जोरात.

पलीकडून कोणीतरी धरलं होतं.

कापड ताणलं गेलं. ताठ. त्याच्या बोटांना तो जोर कळत होता. माणसाचा जोर. ओळखीचा. तो ओढत होता, रडत होता. पलीकडचा सोडत नव्हता… आणि खाली वाजायचं थांबत नव्हतं.

नयनने टोक सोडून दिलं.

वाजणं थांबलं. काळोखात नॅपकिन सावकाश खाली बसला. चारी बाजूंनी. नीट, कडा जुळवून.

तो कसा बाहेर आला, त्याला आठवत नाही. तबला आणला नाही. दार लावून किल्ली सगुणाबाईंच्या हातात दिली, एवढंच. सकाळी त्या घरातलं उरलंसुरलं सगळं मजुरांनी भरून नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि नीरजाताईंना हे सांगितलं. ताई एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या हाताची वाट बघू नकोस आता. गुरूचा धर्म त्यांनी मोडला, तू शपथ मोड. माझा हात बघ." आणि त्यांनी दिव्याखाली तळवा ठेवून दाखवला. तळवा सपाट आपटायचाच नव्हता. आधी करंगळीकडची कड, मग अंगठ्याकडची, दार झुलतं तसा. बस, एवढंच. एवढ्यासाठी पोराची तारुण्यातली वर्षं खाल्ली होती त्या माणसाने.

चार दिवस, हळू, तोच तुकडा. हात आधीच तयार होता, त्याला वाट तेवढी हवी होती. पाचव्या माळेला मी पेटीवर होतो, म्हणून सांगतो, नयनचं धिरधिर असं गेलं की पुढच्या रांगेतले म्हातारे खुर्चीतून पुढे सरकले. आणि मग त्याने जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो थांबला. बाही वर सारली. पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांना म्हणाला, "जवळ या रे. बघा, असा पडतो तळवा." तीनदा दाखवलं. हळू. उजेडात.

पोरं बघत होती. नयन हसत होता. मी त्याला इतकं मोकळं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री घरी आल्यावर त्याने तबला पुसला, कव्हरमध्ये घातला, कपाटात ठेवला, किल्ली उशाखाली घेतली. मेल्यासारखा झोपला.

सकाळी तुळसा चहा घेऊन आली. डोळे लाल.

"रातचा कशाला वाजवत व्हतास र, बाला? झोप नाय दिलीस. त्यो बी आवाज दाबून दाबून."

नयनने कप खाली ठेवला.  किल्ली उशाखालीच होती. कपाट उघडलं. कव्हर तसंच, चेन लावलेली. चेन ओढली.

वर नॅपकिन. निळ्या काठाचा. ओलसर…

या वेळी तो ओढावा लागला नाही. सहज निघाला.

खाली तबल्यावर पावडर सांडलेली होती, आपण हाताला लावतो तसली. आणि तिच्यात एका हाताचा ठसा. चार बोटं स्पष्ट. करंगळी वाकडी, मास्तरांची होती तशी.

आणि तळव्याची जागा… तेवढीच, नीट पुसून टाकलेली.