भरीव भिंतीचा खोटा आवाज

दुरुस्तीच्या दुकानात ती आली तेव्हा तिच्या बोटांना अजून खळीचा वास येत होता. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात दिवसभर जुन्या पुस्तकांच्या पाठी शिवून ती थेट इकडे आली होती. तिने संगणक दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला.

"आवाज बिघडलाय."

"म्हणजे येत नाही?" दुरुस्तीवाल्याने मान वर न करता विचारले.

"येतो. पण खोटा येतो."

आता मात्र त्याने मान वर केली. दहा वर्षांच्या धंद्यात ही तक्रार त्याने ऐकली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषाही नव्हती, म्हणून ओठांवर आलेला विनोद त्याने गिळला आणि यंत्र सुरू केले.

तिने एक खेळ उघडला. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरे, पूल, मनात येईल तर अख्खे गाव उभारायचा खेळ. पडद्यावर एक दुमजली शाळा दिसली, निम्मी पडलेली. तिने एका भिंतीवर टिचकी मारली. ठण्ण...

"ही भिंत भरीव आहे. मला दिसतेय. आणि वाजतेय पोकळ."

त्याचा हात माऊसवर तसाच राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूचे नाव होते — ओळंबा.

"ओळंबा..." तो हळू म्हणाला. "ओळंबाकाका तुमचे कोण?"

"बाबा. तुम्ही कसे ओळखता?"

"मी पाचर."

ती काउंटरला टेकली.

तिचे वडील चाळीस वर्षे इमारतींच्या कामांवर देखरेख करत होते. निवृत्तीनंतर हा खेळ हाती आला, आणि पाठोपाठ दृष्टी जाऊ लागली. खेळाडूंच्या फोरमवर 'पुढच्या आवृत्तीत काय हवे' अशी एक लांबलचक यादी होती. कुणाला ड्रॅगन हवे होते, कुणाला आगगाड्या. त्यांनी तिथे 'ओळंबा' या नावाने, स्वतःचा मिशाळ फोटो लावून, लेकीकडून एकेक इच्छा लिहून घेतली. पहिली : 'भिंतीवर टिचकी मारली की ती भरीव की पोकळ ते ऐकू यावे.' कंपनीने लक्ष दिले नाही. पण पाचर नावाच्या कुणा हौशी माणसाने खेळाला जोडता येईल असा स्वतःचा मॉड तयार करून पाठवला. 'हा विटेचा नव्हे, मडक्याचा आवाज. पुन्हा कर,' असे काकांनी त्याला अकरा वेळा परतवले होते. बाराव्या खेपेला फक्त 'हं' असे उत्तर आले. त्या 'हं'वर तो आठवडाभर खूश होता.

त्याने मॉडचा फोल्डर उघडला, दोन फायली ऐकल्या आणि डोक्याला हात लावला.

"माझीच चूक. नवी आवृत्ती काढताना नावांची अदलाबदल झाली. भरीवला पोकळ, पोकळला भरीव." तो कसनुसा हसला. ती हसली नाही.

"बाबांनी तीन आठवडे चांगल्या भिंती पाडल्या," ती म्हणाली. "मग खेळासमोरून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. डोळे गेले तेव्हा कान होते, म्हणतात, आता कानही गेले. जेवताना वाटी कुठे ठेवली ते त्यांना आवाजावरून कळायचं. आता चाचपडतात. मी म्हटलं, यंत्राची चूक असेल. तर म्हणाले, माझी समजूत काढू नकोस."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी येतो घरी."

"फाईल दुरुस्त करून दिलीत तरी चालेल."

"फाईल होईल हो. काकांचं काय?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिले ते तेव्हा.

फायलींची नावे सरळ करून तो तिच्याबरोबर निघाला. वाटेत संगणक त्याने उचलला होता. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि तो पावलागणिक डबकी चुकवत होता. "काका लिहितात मात्र सुंदर," तो म्हणाला. "दहावी इच्छा आठवते? 'घरी परतणाऱ्याला आपलं घर लांबूनच ऐकू यावं. आत कुणी वाट पाहत असेल, तर जरा वेगळं.' ती वाचून मी दोन दिवस स्क्रू उलटे फिरवत होतो."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. "पण ती पुरी नाही केलीत."

"वाट पाहण्याचा आवाज कुठून आणू? तुम्हीच सांगा."

"मला काय ठाऊक... मी पुस्तकं शिवते."

वडील खिडकीशी बसले होते. 'बाबा, पाचर आलेत,' असे तिने सांगितल्यावर त्यांनी मानही वळवली नाही.

"त्याला म्हणावं, ओळंब्याचा दोरा तुटला. तुझ्या आवाजांना आता गिऱ्हाईक नाही."

"काका, मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते मला अकराव्या खेपेलाच कळलं होतं. पुढे बोल."

त्याने सगळे सांगितले, एकही शब्द मऊ न करता. "तुम्ही प्रत्येक भिंत बरोबर ऐकलीत. खोटं बोलत होतो तो मी."

"हिनं पढवलंय तुला," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजातला राग निघून गेला होता. उरली होती ती भीती.

"मग मला विचारू नका. या भिंतीला विचारा."

त्याने त्यांचा हात धरला नाही, नुसती वाट पाहिली. वडील उठले. बोटाचे पेर भिंतीवर वाजवत, कान लावत, ते एकेक पाऊल सरकत गेले. टक्. टक्. टक्... ठण्ण.

"इथे पोकळ आहे." ते थांबले. "आत वायरींची नळी गेलीय. वर बटण असणार."

बटण त्यांच्या बोटांच्या वर वीतभर अंतरावर होते. त्यांनी वर हात नेऊन ते शोधले, आणि तळवा तिथेच टेकवून ते पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे किंचित हलत होते. दोघांनीही दुसरीकडे पाहिले.

"लाव यंत्र," ते म्हणाले. "उत्तरेची भिंत आधी उभी करायची."

"आता दहावी इच्छाही पुरी करतो, काका," तारा जोडता जोडता तो म्हणाला.

"दहावी? मी नऊच सांगितल्या. नववी जिन्याची. टंकते ती ही, तिला विचार."

तो वळला. ती म्हणाली, "मी... पाणी आणते," आणि स्वयंपाकघराऐवजी बाहेरच्या दाराकडे गेली. तोही मागोमाग गेला. जिन्यावर संध्याकाळचे तिरपे ऊन आले होते.

"दहावीपासून पुढच्या सगळ्या?"

"सतरापर्यंत." तिने खळीने कडक झालेले नख खरवडले. "तुम्ही उत्तर द्यायचात म्हणून लिहीत गेले. फसवायचं नव्हतं."

"मी सहा महिने स्वतःला समजावतोय," तो म्हणाला, "की एखाद्याच्या लिहिण्यात इतकं गुंतू नये, विशेषतः तो सत्तरीचा आणि मिशाळ असेल तर."

ती हसली, आणि हसता हसताच गंभीर झाली. "बाबांना सोडून मी कुठे जाणार नाही. हे आधीच सांगते."

"मी न्यायला कुठे आलोय? शाळेचा वरचा मजला सगळा पडलाय. पाडायला तीन आठवडे लागले, बांधायला..." तो थांबला. "मला यायला आवडेल. रोज. काकांसाठी, आणि — तेवढ्यासाठीच नाही."

"ये," ती म्हणाली. मघापासूनचे 'तुम्ही' कधी गळून पडले, ते तिचे तिलाही कळले नाही.

आतून टिचकीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग वडिलांचा, पूर्वीसारखा करडा :

"एक तर मोठ्यानं बोला, नाहीतर दार लावा. तुमच्या कुजबुजीत मला भिंत ऐकू येत नाहीये."

ती जिन्यावरच उभी राहिली आणि तिने दार हलकेच ओढून घेतले.