पहिल्या हाकेची पोच

मी मुळात संशयी. दूधवाल्याने माप ओतलं की मी वाकून भांड्यात बघते. आई म्हणते, "प्रेरणा, संशयाला औषध नाही." पण माझा धंदाच तसा आहे. एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राकडे पोचवणारं सॉफ्टवेअर मी जुळवून देते. प्रत्येक यंत्राचा पत्ता भरायचा, निरोप सोडायचा आणि 'मिळाला' अशी पोच आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही.

त्या दिवशीचं कामही साधंच होतं. हिंगणीच्या पुढे एक लहानसं धरण, आणि खाली नदीच्या कोरड्या पात्रात टरबूज-काकड्यांच्या वाड्या. धरणाचं दार उघडण्याआधी काठावरच्या टिनाच्या खोलीतल्या पेटीत निरोप यायचा, घंटा वाजायची. मग तिथले राखणदार डोमाजीकाका यांनी भोंगा वाजवायचा आणि वाडीतली माणसं वर आली की पेटीचं बटण दाबायचं. ती पोच धरणावरच्या भूपेंद्रला मिळाली की तो दार उघडणार. पोच खोटी गेली, तर पाणी थेट माणसांच्या अंगावर. पेटी जुनीच होती, सॉफ्टवेअर तेवढं नवं. संध्याकाळी पाणी सोडायचं होतं, त्याआधी मला सगळं तपासायचं होतं.

गाडी पलीकडच्या काठावर ठेवून मी वाळू तुडवत आले. काकांची बायको रंभाकाकू वाडीत काकड्या तोडत होती. काका आणि मी बाभळीखाली बसलो. मी लॅपटॉपवरून निरोप सोडला. बंद खोलीत घंटा वाजली. काका जागचे हलले नाहीत.

"काका, उठा ना. बटण दाबायचंय."

"थांब जी बाई. पहिल्या हाकेले आपण ओ देत नाई. तिसऱ्या हाकेले उठतो."

मला हसू आलं. तिन्हीसांजेला नावाने हाक आली तर तिसरीशिवाय ओ देऊ नये, हे आमच्या घरीही मानतात. पहिल्या दोन हाका कोणाच्या असतील, कोणी सांगावं? पण यंत्राच्या घंटेलाही तोच नियम?

मी बोलायला तोंड उघडलं, तोच पडद्यावर अक्षरं उमटली. मिळाला.

खोलीला कुलूप होतं. किल्ली काकांच्या करदोट्याला. माझा संशय लगेच भूपेंद्रवर गेला. लवकर घरी पळायचं म्हणून हा पोच तिकडूनच भरत असणार. मी फोन लावून सरळ विचारलं.

"मी काऊन भरू मॅडम?" तो दुखावला. "माह्या बापाची वाडी हाय खाली."

मला पटलं नाही. काकांकडून कुलूप उघडून घेतलं. आत गाळाचा वास होता, नुकत्याच ओसरलेल्या पुराचा. बाहेर मे महिना, नदीत थेंब नाही. मी पेटीची तार उपटून टाकली आणि पुन्हा निरोप सोडला. या वेळी घंटा वाजली नाही.

पोच मात्र आली. मिळाला.

डोक्यावर टोपली घेऊन रंभाकाकू दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "पह्यले हे काम माह्या नणदेकडे होतं. सुमित्राबाईकडे. लई घाईची बाई... कोणी हाक मारली का पहिल्यांदाच ओ द्यायची. एका संध्याकाळी पात्रातून हाक आली. ओ देल्ली, अन् गेली खाली... वरून पाणी सुटलं."

"हाक कोणी मारली होती?"

"वाडीत कोणीच नव्हतं, माय..."

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी बी पोच गेलती."

खरं सांगते, मला भीती वाटली. पण आधी त्या पेटीची पोच मी बंद करून टाकली. भूपेंद्रला बजावलं, "काकांचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. आणि धरणाच्या भिंतीवरून एकदा पात्र डोळ्यांनी बघायचं." पेटीकडून काही आलंच तर ते माझ्याकडे यावं, म्हणून तिथे माझा पत्ता भरला. आता काळजी नाही, असं वाटलं.

दिवस कलला. मी पिशवी उचलली आणि गाडीकडे जायला उतरणीवर पाय ठेवला.

"प्रेरणा..."

पात्रातून. बाईचा आवाज. रंभाकाकूने माझं मनगट घट्ट धरलं. "ओ नोको देऊ, पोरी."

मी ओठ आवळून उभी राहिले. दुसरी हाक आली नाही. तिसरीही नाही.

पिशवीत लॅपटॉप वाजला. काढून पाहिला. तार उपटलेल्या पेटीकडून माझ्या पत्त्यावर निरोप आला होता. निरोपात फक्त माझं नाव. खाली माझ्या यंत्राने आपणहून दिलेली पोच. निरोप आला की त्याने विचारत बसायचं नाही, अशीच मी त्याची जुळणी केली होती. मिळाला, असं त्यात होतं. आणि त्यापुढे एक शब्द, जो मी कधीच कुठे भरलेला नव्हता.

येते.

मी धडपडत मागे फिरले, काठावरच्या काकांच्या घराच्या ओसरीवर जाऊन भिंतीला पाठ टेकून बसले. काकांनी भोंगा वाजवला. वाडीतली माणसं एकेक करून वर आली. काकांनी सगळ्यांची तोंडं पाहिली, माझंही पाहिलं, आणि भूपेंद्रला फोन लावला.

"आले सारे वर. उघड आता."

पलीकडे भूपेंद्र भिंतीवर जाऊन पात्र बघून आला. मग म्हणाला, "काका, मॅडमले पह्यले वर बोलवा ना. पात्रात मधोमध उभ्या दिसून राह्यल्या त्या..."