नृसिंह मास्तरांचा तक्ता

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. शनिवार, २७ मे १९७२. सोनईजवळच्या एका गावची शाळा. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, शाळा अजून भरते.

उन्हाळ्याची सुट्टी होती. इतिहासाचे शरच्चंद्र मास्तर सकाळी नऊला वर्ग उघडायला गेले. वय सव्वीस, नोकरी अजून कच्ची. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते जूनमध्ये हेडमास्तर ठरवणार होते.

वर्गाच्या दगडी भिंतीवर काळ्या ऑइलपेंटने इंग्लंडच्या राजाराण्यांचा तक्ता रंगवलेला होता. नाव, जन्म, राज्यारोहण, मृत्यू. पहिल्या विल्यमपासून थेट दुसऱ्या एलिझाबेथपर्यंत.

तो रंगवला होता जुन्या नृसिंह मास्तरांनी. भारी खाष्ट माणूस. उत्तर चुकलं तर एक छडी, जागा रिकामी सोडली तर पाच.

१९५५ साली ते वारले, तेव्हा तक्त्यात दोनच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. गादी सोडून गेलेला आठवा एडवर्ड आणि राणी. दोघं जिवंत होते ना.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून आता त्या तक्त्यावर चुना फासायचा होता.

मास्तरांनी कुलूप काढलं.

आत ताज्या रंगाचा वास...

एडवर्डच्या शेवटच्या रकान्यात आकडा होता. १९७२.

मास्तरांनी बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं.

त्यांना शिपाई पुंजारामचा संशय आला. पुंजाराम बघतच राहिला.

"मास्तर, मी अंगठा उठवनारा मानूस. मला लिव्हता येतंय व्हय? आन् चावी तर तुमच्याच खिशात हुती."

हेडमास्तर राधाकृष्ण सरांचा संशय भलतीकडेच गेला.

"किल्ली तुमच्याकडे, इतिहासही तुमच्याकडेच. जून जवळ आलाय, शरच्चंद्र. एवढं लक्षात ठेवा."

मास्तर हबकले. न केलेल्या गोष्टीपायी पोटावर पाय येत होता. हेडमास्तरांनी दाराला स्वतःचं कुलूप घातलं.

मंगळवारी एसटीने पेपर आला.

एडवर्ड रविवारी वारला होता, पॅरिसला. आकडा मात्र शनिवारीच लिहिलेला होता.

हेडमास्तरांनी बातमी दोनदा वाचली. मग तिघं वर्गाकडे निघाले. कुलूप जसंच्या तसं होतं. पण दाराशी पुंजाराम थबकला.

आतून डब्याच्या काठावर कुंचला निथळवल्याचा आवाज येत होता.

टक... टक...

दार उघडलं. कुणी नाही. डबा नाही, कुंचला नाही.

राणीपुढचा रकाना भरला होता. २०२२.

"पन्नास वर्षं पुढचं?" हेडमास्तर हसले. ते हसू टिकलं नाही.

कारण राणीच्या खाली नवी ओळ होती. तसंच वळणदार अक्षर.

शरच्चंद्र. १९४६. १९७०.

जन्मसाल आणि शाळेत रुजू झाल्याचं साल. चौथा रकाना रिकामा...

मास्तरांनी स्वतः तीन हात चुना मारला. नोकरी कायम झाली, हेडमास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण दर मे महिन्यात मास्तर ती भिंत स्वतःच्या हाताने रंगवत राहिले. रिटायर झाल्यावरही, केडगावहून येऊन. २०२२ च्या सप्टेंबरात टीव्हीवर राणी गेल्याची बातमी लागली, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. चुना राहून गेला.

जूनमध्ये शाळेतून पुंजारामच्या नातवाचा फोन आला. तो आता तिथे शिपाई आहे.

"मास्तर, भिंतीचा पोपडा पडलाय. खाली काळ्या रंगात तुमचं नाव हाय. फुडं दोन सालं हायेत..."

मास्तरांनी फोन कानापासून दूर नेला.

"आन् अजून येक आकडा हाय बघा. वाचू का?"

मास्तरांनी फोन ठेवून दिला. तेव्हापासून ते फोनला हात लावत नाहीत.

हे मला त्यांच्या मुलीने, सुनीतीने सांगितलं. मी विचारलं, शाळेत जाऊन बघून येऊ का?



"बघून ये," ती म्हणाली. "पण मला सांगू नकोस."

मी अजून गेलेलो नाही.