प्लास्टिकखालची ओल

लाईट येईल तेव्हा येईल. मेणबत्ती तिकडे सरकवा आणि पलंगावर दाटीवाटीने बसा. त्या खुर्चीवर नको. सांगाडा माझ्याच हातचा आहे, मोडायची नाही, पण नको. पुतण्या, तू टोकाला बसलायस, हवं तर हात टेक तिच्यावर, बसू मात्र नकोस. आणि मघाशी जेवताना बायकोची थट्टा करत होतास ना, दिवस भरत आले, कंबर धरून चालते, सारखी बाथरूमला पळते म्हणून? तर ऐक. माझ्या माहितीतल्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे.

माझ्या शेजारच्या गाळ्यात एक सोफे शिवणारा होता. तोंडात कायम बारीक खिळे धरलेले आणि बोलणं त्याहून टोचरं, म्हणून त्याला सगळे टाचणी म्हणायचे. कामाला मात्र तोड नव्हती. जानेवारीतला शेवटचा शनिवार होता. एक सोफा आणि एक खुर्ची रात्रीच पोचवायची होती, कारण त्या घरी सकाळी पाहुणे यायचे होते. कापड सायीच्या रंगाचं, बोट लागलं तरी दिसेल असं. टाचणीच्या बायकोचा नववा महिना सरत आला होता. पोट खाली उतरलं होतं, कंबर सकाळपासून भरून यायची आणि सुटायची. तरी ती दोरे कापायला हाताशी होती. जरा टेकली ती नेमकी त्याच खुर्चीवर. उठली तेव्हा कापडावर तळहाताएवढं ओलं झालं होतं.

टाचणीचं डोकं फिरलं. दोन कारागिरांसमोर म्हणाला, "लहान पोर आहेस का? एवढाही ताबा राहत नाही?"

"अहो, माझं मला कळलंच नाही," ती म्हणाली आणि रुमालाने पुसायला लागली. मान वर केली नाही. कारागीर एकमेकांकडे बघून हसले.

त्याने कापड उसवलं, स्पंज बदलला, नवं कापड ठोकलं, दोन्ही नग प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधले. आणि जाता जाता एक गोष्ट केली, ती त्याने मला फार उशिरा सांगितली. उसवलेलं कापड त्याने नाकाशी नेलं, डाग कशाने निघेल ते बघायला. लघवीचा वास नव्हता. आता माणसाने तिथंच थांबायला नको का? पण मग चारचौघांत बोललेलं मागे घ्यावं लागलं असतं. त्याने कापड बादलीत फेकलं आणि टेम्पो काढला.

साडेदहाला तो कालव्याकाठच्या रस्त्याला लागला. बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी एक बाई उभी होती. भरलेले दिवस, एक हात कमरेवर. टाचणी तोंडाचा वाईट, मनाचा नाही. त्याने गाडी थांबवली.

"दवाखान्यापर्यंत सोडता का भाऊ?"

"पुढे सामान आहे ताई, मागे चढा. सोफा आहे, आरामात बसा."

ती चढली, त्याने मागचं फळकं लावलं. थोडं पुढे जाऊन आरशात बघतो तर ती बसलेली नाही. दांडा धरून उभी. रस्ता सगळा खड्ड्यांचा. त्याने मागची काच सरकवली.

"बसा ताई, पडाल."

"नको. ओलं होईल."

त्याने गाडी हळू केली.

"सकाळपासून थांबतच नाही... घरचे ओरडले. लाज नाही का म्हणाले. मलाही वाटलं, तसंच असेल... मग धूत बसले. कुणाला हाक मारली नाही. कशी मारणार?"

त्याने काच आणखी सरकवली.

"पण वास नव्हता हो त्याला..."

त्याने गिअर बदलला.

"तुम्हालाही नाही ना आला?"

टेम्पो खड्ड्यात आदळला.

"पोट आवळायचं... सुटायचं. आधी बाळ हलत होतं. मग..."

पुढे ती बोललीच नाही. टाचणीच्या तोंडून कसेबसे शब्द निघाले. "बसा ताई. ओलं झालं तर होऊ दे. बसा तुम्ही."

त्याने आरशात बघितलं.

दांडा. नुसता दांडा.

उतरून बघितलं. फळकं बंद. कडी त्यानेच लावलेली, तशीच. सुतळीची गाठ न् गाठ जागेवर.

गाडी कशी वळवली, घरी कसा आला, त्याला आठवत नाही. बाथरूमचा नळ चालू होता. बायको फरशीवर बसून गाळ्यातून आणलेलं ते कापड घासत होती. कळ आली की थांबायची, गेली की घासायची. शेजारीण भिंतीपलीकडे होती, पण तिला हाक मारली नव्हती. कारण तेच.

"थोडंच राहिलंय," ती म्हणाली. "निघेल आता."

"सोड ते. ते बाळाच्या भोवतीचं पाणी आहे." त्याने शेजारणीला उठवलं, दोघींना टेम्पोत चढवलं. तर बायको दांडा धरून उभीच राहिली. सोफा खराब होईल म्हणाली. तेव्हा मात्र तो रडला. सुतळी दातांनी तोडली, प्लास्टिक फाडलं आणि त्या सायीच्या रंगावर तिला स्वतःच्या हाताने बसवलं.

पहाटे मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी जायला लागलं की कळा असोत नसोत, लगेच यायचं असतं. तुम्हाला कुणी थांबवलं होतं का?"

बायको म्हणाली, "नाही. मलाच कळलं नाही."

तिने त्याला झाकून घेतलं. तो म्हणायचा, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, या एका वाक्याने जन्मभर मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची उतरवली. प्लास्टिक तसंच, गाठी तशाच. सोडून बघतो तर नव्याकोऱ्या कापडावर मधोमध तळहाताएवढी ओल. उन्हात ठेवली, वाळली. ऑर्डर हुकलीच होती, पण दुसऱ्या कुणाला विकायला मन होईना. गाव सोडताना माझ्याकडे ठेवून गेला. एरवी कोरडी ठणठणीत असते. आजवर दोनदा ओली झाली, एकदा माझ्या सुनेच्या वेळी, एकदा समोरच्या भाडेकरूच्या बायकोच्या वेळी. पाणी जातंय म्हणून दोघींनी तोवर तोंडातून शब्द काढला नव्हता.

म्हणून म्हणतो पुतण्या, हसायचं नाही. घरी गेलास की जवळ बसून नीट विचार तिला, काय होतंय, कधीपासून होतंय...

काय रे? असा गप्प का झालास?

हात का पुसतोयस?

...ऊठ. गाडीची चावी घे.